पदवीला चिकटवलेला 'का'

तुम्ही माझ्या ताईची चार वर्षं खाल्लीत साहेब, आणि ढेकरही दिला नाहीत. आता तिचं काम झालंय. घरातले म्हणतात, सुटलो एकदाचे, जाऊ दे ना आता. पण कुलूप उघडलं तरी ते कशानं अडकलं होतं हे बघितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला परत देत नाही.

मी किल्लीवाला. नववी नापास. ताई जनावरांची डॉक्टर, आमच्या देशातल्या विद्यापीठात पाच वर्षं शिकलेली. दाजींना तुमच्या देशात नोकरी लागली म्हणून आली, मागोमाग मीही. आल्या आल्या तिनं पदवीचे कागद तुमच्या पदवी-मान्यता कार्यालयाच्या खिडकीत दिले. पाच महिन्यांनी पत्र आलं, 'सदर पदवी येथील पदविकेसमान समजण्यात येत आहे.' पदवीतली दीर्घ वी ऱ्हस्व केलीत आणि वर एक 'का' चिकटवलात. कारण एका ओळीचंही नाही.

मग ताई एका दवाखान्यात पिंजरे धुवायला लागली. टेबलावर जनावर आलं की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहायची. हात लावायची परवानगी नाही आणि हात तर राहत नाहीत, म्हणून. पुढे घरातही तशीच उभी राहायला लागली. दाजी विचारायचे, शाळेत शिक्षा झाली काय तुला? दवाखान्याचे म्हातारे डॉक्टर माणूस चांगला. औषध ताईला विचारून, सही त्यांची. पण गुडघे गेले, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, वर्ष संपलं की मी घरी बसणार. तुझा कागद आला तर चाव्या तुझ्या, नाहीतर दवाखान्याला टाळं. ते टाळं लावायचं कामही मलाच मिळणार होतं.

ताईनं चार खेपा केल्या. कुठल्या विषयाला किती तास, किती जनावरांवर शस्त्रक्रिया केल्या, शिक्षकांची पत्रं, सगळं दिलं. दर खेपेला तुम्ही आणखी एक कागद मागितलात. चौथ्या खेपेनंतर ती म्हणाली, "मी शिकलेय हे सांगायला पाचव्यांदा जाणार नाही मी." म्हणून तिचं अधिकारपत्र खिशात घालून मी गेलो.

माझ्यापुढे सव्वीस माणसं. बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर दोन देशांचा करार काचेत टांगलेला, खाली झोकदार सह्या. मला वाचायला शाळेपेक्षा दुकानांच्या पाट्यांनी जास्त शिकवलं, त्यामुळे दिसेल ते वाचतो, तेही बोट लावून. काच धुळीनं आंधळी झालेली, ती बाहीनं पुसली. शिपाई ओरडला, काचेला हात लावायचा नाही. मग मीही हात पाठीमागे बांधले आणि वाचलं.

कलम सात. एका देशाची पदवी दुसऱ्यानं मान्य करायची. अभ्यासात मोठा फरक आहे असं कार्यालयाला वाटलं, तर तो फरक कार्यालयानं दाखवून द्यायचा, आणि कारण लेखी द्यायचं.

दोनदा वाचलं. म्हणजे चार वर्षं पुरावे देत होती ताई, आणि द्यायचे होते तुम्ही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी कोऱ्या कागदावर ताईच्या फाइलचा नंबर लिहिला, खाली 'कलम सात', आणि त्याखाली एकच शब्द: का?

खिडकीतल्या बाईंनी कागद उलटा करून बघितला. "एवढाच अर्ज?"

"तुमचंच अक्षर आहे बाई, परत करतोय."

त्या हसल्या नाहीत, पण शिक्का मारला.

एकविसाव्या दिवशी पत्र आलं. मोठा फरक आढळून आला नाही, पदवी मान्य. ताईनं वाचलं, दाजींना दिलं, हिसकावून घेतलं, परत वाचलं. मग भिंतीला टेकून खालीच बसली आणि म्हणाली, भूक लागलीय. अशी जेवली की दाजी म्हणाले, अगं, जनावरांची डॉक्टर आहेस, जनावर नव्हेस.

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक म्हातारी कुत्री आली, पोट फुगलेली. डॉक्टर खुर्चीतून उठलेच नाहीत. ताई सवयीनं हात पाठीमागे बांधून उभी. चार वर्षं तिला अगं-तुगं करणारा तो माणूस म्हणाला, "डॉक्टर, हात कुठे विसरलात?"

तिनं दोन्ही तळवे पुढे आणले आणि कुत्रीच्या पोटावर ठेवले. कुत्रीनं मोठा श्वास सोडला. ताईनंही सोडला. मी दाराचं कुलूप बदलायला गेलो होतो, ते माझ्यानं बराच वेळ उघडेना.

परवा खिडकीतल्या बाईंचे आभार मानायला गेलो. विचारलं, एवढं सोपं होतं, तर आधी का नाही झालं? त्या खाली बघून म्हणाल्या, आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

करार तुमचा, भिंत तुमची, सही तुमची, आणि काच पुसायला किल्लीवाला लागला. त्या बाकावर परवाही माणसं बसली होती, मांडीवर फायली घेऊन. आमचं भागलं म्हणून मी तोंड शिवून बसायचा नाही. ताईच्या पदवीला तो 'का' कुणी चिकटवला, आणि का?

उत्तर लेखी द्या. कलम सात.