शिळं पाणी

"मामा, हे बघा. आज परत!"

विद्याश्रीनं कळशीवर टिचकी मारली. कळशी ठण्णकन वाजली. रंकाळ्यावरून फिरून आलेल्या रुद्रय्यानं अजून चपलाही काढल्या नव्हत्या. त्यानं वाकून कळशीत बघितलं, मग हंड्यात बघितलं, मग मोरीजवळच्या निळ्या पिंपाचं झाकण उचलून आत डोकं घातलं. काल काठोकाठ भरलेलं पिंप निम्म्याच्याही खाली गेलं होतं.

"काल मी सोता बघितलंय की गं, भरल्यालं," तो पिंपात तोंड ठेवूनच म्हणाला.

"मग गेलं कुठं? ह्यांची रात्रपाळी सुटली, आत्ता येतील फौंड्रीतनं. अंगभर काळी वाळू घेऊन येत्यात. त्यांनी आंघोळ कशानं करायची? आणि मी काय तशीच जाऊ ऑफिसात?"

सुनेचा राग रास्त होता. अक्षयतृतीयेच्या सुमाराला महापालिकेचे लोक रिक्षाच्या भोंग्यातून सांगून गेले, की पाऊस पडेपर्यंत पाणी दिवसाआड. तेव्हापासून अख्ख्या मंगळवार पेठेचं पंचांगच बदललं होतं. सोमवार-मंगळवार कुणी म्हणत नव्हतं. पाण्याचा वार आणि कोरडा वार, एवढे दोनच वार उरले होते. आल्यागेल्याला जेवल्याशिवाय न सोडणारं हे गाव, पण त्या उन्हाळ्यात पाव्हण्याला पाण्याचा तांब्या देतानासुद्धा लोकांचं अर्धं लक्ष पिंपाकडे असायचं. आज कोरडा वार होता. आणि कोरड्या वारी सकाळी घरातलं पाणी नाहीसं होण्याची ही काही पहिली खेप नव्हती.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तिची सासू दानम्मा लसूण सोलत बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "कशाला वराडतीस गं? येतंय की आत्ता पाणी."

"अत्ती, आज पाण्याचा वार न्हाय."

"व्हय व्हय," दानम्मा म्हणाली आणि खाली मान घालून पुन्हा लसूण सोलू लागली.

रुद्रय्यानं कळशीच्या बुडाला हात फिरवला. हंडा उताणा करून उन्हाकडे धरला. पिंपाभोवती ओलही नव्हती. कापडाच्या दुकानात उभा जन्म गेलेला माणूस तो. गिऱ्हाईक लुगडं घेणार की नुसतंच उसकटून जाणार, हे तो दारातच ओळखायचा. पण पाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. घरात पाणी भरलेलं असतं, आणि मागितलं की तांब्या पुढे येतो, एवढीच त्याची माहिती. पाणी हे दानम्माचं खातं. ती कुरुंदवाडची, नदीकाठची. लग्न होऊन आली तेव्हापासून घरातलं पाणी तिनं रोज पहाटे नवं भरलं होतं. रात्रीचं पाणी तिच्या लेखी शिळं. दिवसाआड पाणी सुरू झालं तेव्हा विद्याश्रीनं तिला समोर बसवून समजावलं होतं, की उन्हाळा सरेपर्यंत शिळंच प्यायचं. तिनंही मान डोलावली होती. त्यामुळे तिकडून काही घोटाळा असेल असं रुद्रय्याच्या डोक्यातही आलं नाही.

डोक्यात आलं ते भलतंच. हात झटकत तो परसात आला आणि त्याची नजर भिंतीपलीकडे गेली. कमरेएवढी भिंत, तिच्या त्या अंगाला शेजारच्या लीलाबाईची जाई. साऱ्या पेठेतली झाडं करपली होती, कुंड्यांतल्या तुळशीच्या वाळून काड्या झाल्या होत्या, आणि ही जाई हिरवीगार! वर कळ्याही धरलेल्या. वेलाची माती ओलीकिच्च. रुद्रय्या तरातरा भिंतीशी गेला.

"लीलावैनी! जरा भाईर या!"

लीलाबाई पदराला हात पुसत आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. एकटा जीव. दानम्माला ती अक्का म्हणायची आणि रुद्रय्याला आण्णा.

"काय झालं आण्णा?"

"ह्या जाईला पाणी कुठलं घालताय?"

लीलाबाईनं जाईकडे बघितलं.

"न्हाय, सांगा की! हितं माणसाला प्याला पाणी न्हाय, आन् तुमच्या जाईला कळ्या लागल्यात! मी फिराय गेलो की आमची कळशी मोकळी हुतीया. एवढ्या वर्षाचा शेजार, मागितलं असतं तर न्हाय म्हटलं असतं व्हय आमी?"

आवाज कोल्हापुरी. समोरच्या माडीवर दोन डोकी आली, गल्लीत सायकल थांबली. लीलाबाईचं तोंड उघडलं. आता ही आपल्या सात पिढ्यांची उजळणी करणार म्हणून रुद्रय्यानं अंग सावरलं. पण तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली. मागे दाराच्या चौकटीत दानम्मा उभी होती, हातात लसणाची पाकळी, चेहऱ्यावर हे काय चाललंय असा भाव. लीलाबाईनं उघडलेलं तोंड मिटलं.

"घेतलं मी आण्णा," ती म्हणाली. "चुकलं माझं."

ती आत गेली, स्वतःची भरलेली कळशी दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली आणि भिंतीवर ठेवून डोळ्याला पदर लावत परत आत गेली. दाराला कडी लागल्याचा आवाज आला.

रुद्रय्या तसाच उभा राहिला. भांडण जिंकल्यावर माणसाला बरं वाटायला पाहिजे. इथं चोरी कबूल झाली होती, आणि त्याला मात्र आपणच कुणाचं तरी काही उचलून आणलंय असं वाटत होतं. जिच्या चुलीवर भात कमी पडला तरी जी हात पसरत नाही, ती बाई पाणी चोरते? आणि चोरते तर इतक्या लवकर हो म्हणते? काही केल्या त्याला हा हिशेब लागेना.

संध्याकाळी दानम्मानं ती कळशी बघितली. "ही लीलाची की. आपल्यात कशी आली?"

"तिनं दिली."

"मग मोकळी परत करू नगासा. भरून द्या. आन् ती रडत का हुती वो सकाळी?"

रुद्रय्यानं तिच्याकडे निरखून बघितलं. "अगं, तू हुतीस की तितंच."

"व्हय," ती म्हणाली. "हुते की." आणि लगेच दिवा लावायला उठली.

मधला पाण्याचा वार गेला आणि पुन्हा कोरडी सकाळ उजाडली. त्या दिवशी रुद्रय्या फिरायला गेलाच नाही. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसणाऱ्या मंडळींपर्यंत भांडण पोचलं असणार आणि ते खोदून खोदून विचारणार, याचीच त्याला लाज वाटत होती. मागच्या खोलीत कॉटवर तो डोळे मिटून पडून राहिला. नुकतं झुंजुमुंजू झालं होतं. विद्याश्री अजून उठली नव्हती.

परसात नळ फुसफुसला. कोरड्या वारी पहाटे नळाची तोटी उघडी राहिली की नुसता वारा येतो. सगळ्या पेठेला ते ठाऊक होतं. त्यापाठोपाठ भांड्याचा आवाज आला, आणि मग पाणी ओतल्याचा. रुद्रय्या उठून दारात आला.

दानम्मा भिंतीशी वाकून उभी होती. कमरेवर कळशी, कळशीच्या बुडाला एक हात. सगळं पाणी ती भिंतीवरून जाईच्या मुळाशी ओतत होती. घाईनं नाही, लेकराला न्हाऊ घालावं तशी, थांबत थांबत. कळशी संपली तशी ती वळली, पिंपातून तांब्यातांब्यानं पुन्हा कळशी भरून घेतली आणि परत भिंतीकडे निघाली.

"अगं, काय करालीस?"

"तुमी हाय व्हय? फिराय न्हाय गेला?" ती सहज म्हणाली. "शिळं पाणी हाय हे, रातचं. गटारीत कुठं वतू? झाडाला तरी हुतंय."

"आन् मग घरात?"

"ताजं येतंय की आत्ता. ऐका. आलंच बघा."

नळ फुसफुसत होता. तिनं चिंचेचा कोळ लावून कळशी लखलखीत घासली, ओंजळभर पाण्यात विसळली, नळाखाली लावली आणि पदर खोचून समोर बसली. चेहरा कसा शांत, प्रसन्न. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बसायची तशीच. रुद्रय्याला भीती वाटली. साधीसुधी नाही, लहानपणी नृसिंहवाडीच्या जत्रेत आईचा हात सुटला होता तेव्हा वाटली होती तसली. ही समोर बसलीय, माझ्याशी नीट बोलतेय, आणि तरी ही कुठंतरी निघून चाललीय, हे त्याला कळत होतं आणि काहीच कळत नव्हतं.

त्यानं भांड्यांकडे बघितलं. हंडा मोकळा, कळशी मोकळी, पिंप तळाला. फक्त देवळीतला पूजेच्या पाण्याचा छोटा तांब्या तेवढा भरलेला होता. त्यावर विभूतीची तीन बोटं ओढलेली. ती खूण असली की ते पाणी देवाचं. पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ही दानम्माच्या माहेरची रीत. त्या तांब्याला तिनं हात लावला नव्हता.

"मामा! परत?" मागं विद्याश्री उभी होती, डोळ्यांवर झोप आणि झोपेवर संताप. "आता तर लीलामावशीच्या दाराला अजून कडी हाय. आता कुणी नेलं?"

"मी वतलं," रुद्रय्या म्हणाला.

"तुमी?"

"मांजरानं तोंड घातलं हुतं. म्हणून मीच वतलं सगळं."

"मग त्या दिवशी लीलामावशीला चोर कशाला केलासा?"

सरळ प्रश्न होता. रुद्रय्यानं मान खाली घातली. "त्या दिवशीबी मीच वतलं असणार. ध्यानात ऱ्हाईना झालंय माझ्या."

विद्याश्रीचा सगळा राग एकदम उतरला. ती सासऱ्याकडे अशी बघू लागली, की त्याला वाटलं, त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. थोड्या वेळानं तिचा नवरा वीरेश कामावरून आला, तेव्हा दारातच ती त्याला हळू आवाजात म्हणाली, "मामांना एकदा डॉक्टरकडं न्यायला पाहिजे."

"जाऊ की," रुद्रय्या आतून म्हणाला. "जाताना हिलाबी संगं घेऊ."

ऊन वर आल्यावर तो परसात गेला आणि समोरच्या माडीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "लीलावैनी! पाणी मीच वतत हुतो! तुमचा काय संबंध न्हाय त्यात! म्हातारपणानं डोस्कं फिरलंय माझं!"

माडीवर कुणीतरी हसलं. हसू दे. लीलाबाईच्या दाराची कडी निघाली. ती भिंतीशी आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तुमी कशाला वताल आण्णा? तुमाला कळशी तरी उचलाय येती व्हय?"

रुद्रय्या धोतराचा सोगा झटकू लागला.

"मी पहिल्या दिवशीच बघितलं हुतं अक्काला. माझ्या खिडकीतनं दिसतंय की सगळं."

"मग त्या दिवशी गप का बसलासा? आन् वर हो म्हणालासा!"

"काय सांगू, चार लोकांत?" लीलाबाई जाईची वाळकी पानं खुडू लागली. "मला चोर म्हणतील, चार दिवसांनी इसरतील. अक्काला एकदा येडी म्हटलं की ते जन्माचं चिकटतंय. ह्यांच्या माघारी मी उठत नव्हते, तवा रोज पहाटे माझं पाणी भरून ठेवायची ती. मला नुसतं म्हणायची, ऊठ, ताजं हाय, तोंड धू."

रुद्रय्याला तिच्याकडे बघवेना. हात जोडावेत की पाय धरावेत, हेही त्याला सुचेना. शेवटी तिची कळशी त्यानं आतून आणून भिंतीवर ठेवली. भरून. पिंपाच्या तळाला वीरेशच्या आंघोळीपुरतं उरलेलं पाणी गेलं त्यात. पोरगं काळ्या अंगानंच झोपलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा वार. रुद्रय्या जन्मात पहिल्यांदा दानम्माच्या आधी उठून नळाशी बसला. कळशी कशी तिरकी धरायची हेही त्याला येईना. अर्धं पाणी धोतरावर. दानम्मा आली आणि हसत सुटली. "पुरुषाचं काम हाय व्हय हे? सरा तिकडं." पण त्यानं जागा सोडली नाही. दोघांनी मिळून सगळं भरलं.

आणि कोरड्या सकाळी, तिला जाग येण्याआधी, तो देवळीतला विभूतीचा गोळा घेऊन भांड्यांपुढे बसला. गोळा ओल्या बोटांवर घासून त्यानं कळशीवर तीन बोटं ओढली. हंड्यावर ओढली. निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपावर ओढली. बादलीवर, किटलीवर, विद्याश्रीच्या पाण्याच्या बाटलीवरसुद्धा. देवाशी आपण खोटं बोलतोय की खरं, याचा त्याच्या मनात घोळ होता, पण हात थांबला नाही.

नळ फुसफुसला. दानम्मा आली. नेहमीसारखी कळशीकडे वाकली, आणि हात तसाच थांबला. तिनं हंड्याकडे बघितलं. पिंपाकडे बघितलं. डोक्यावरून पदर घेतला, एकेका भांड्याला बोटं लावून ती कपाळाला लावली, आणि गोंधळून नवऱ्याला म्हणाली, "आज एवढी कुणाची पूजा हाय वो?"

"हाय की," तो एवढंच म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बघितलं. पाण्याच्या ओढाताणीत त्याची दोन दिवस आंघोळ नव्हती. कपाळ कोरडं होतं. तिनं त्याच्या हातातला विभूतीचा गोळा घेतला.

"तुमीच तेवढं राह्यलासा," ती म्हणाली.

आणि भांड्यांच्या रांगेत बसलेल्या त्या म्हाताऱ्याच्या कपाळावर तिनं तीन बोटं ओढली, डावीकडून उजवीकडे, न चुकता. मग मोकळा तांब्या घेऊन ती नळासमोर बसली, ताज्या पाण्याची वाट बघत. रुद्रय्या सरकून तिच्याजवळ बसला.