चिनी डब्यातले सराटे

मुतखड्याचं औषध पाहिजे असलं की शिरूर कासारच्या धा गावची माणसं माझंच घर पुसत यायची. मालनबाईचा काढा म्हणून नाव होतं. त्या नावाचा माज बी होता मला, कावून खोटं बोलू? डॉक्टरनं हात टेकलेला माणूस म्या उभा केला, असं चारचौघीत छाती ठोकून सांगायची.

औषध साधंच. बांधावरचे सराटे, पायात रुततेत तेच काटे, वाळवून कुटायचे. आठ तांबे पाण्यात घालून दोन तांबे उरूस्तोवर आटवायचे. मायनं शिकवलं होतं, अन् वर एक अट घातली होती. काढा पिला की रोग्याला उठू द्यायचं न्हाई. आपल्या डोळ्यादेखत दोन तांबे साधं पाणी पाजायचं, मगच घरी लावायचं. कशापायी, ते मायनं सांगितलं न्हाई अन् म्या इचारलं न्हाई.

मग दोन पावसाळे कोरडे गेले. टँकर आठव्या दिवशी यायचा, घरटी दोन हंडे. जनावरं गेली, दूध सोसायटीला कुलूप लागलं. काढ्याला आठ तांबे पाणी आणू कुठून? म्या डोकं चालवलं. सराट्याचं चूर्ण केलं अन् सांगाया लागले, चिमूटभर तोंडात टाका, वर घोटभर पाणी प्या. लोक खुश, म्या बी खुश.

माझी लेक शिवकन्या सिरसाळ्याला दिलेली. दिवाळीनंतर ती अन् जावई भारतराव ऊसतोडीला निघायच्या आधी माझ्याकडं आले. पोरीची कंबर धरलेली, लघवीला आग व्हायची. जावयानं बाजारातून एक लाल पत्र्याचा डबा आणलेला, वर चिनी अक्षरं, मागं बारीक इंग्रजी.

"चिनी जडीबुटी हाय मामी," ते म्हणले. "मूत्रपिंडाला लई गुणकारी, इकणारा म्हणत होता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "म्या जिती असताना माझ्या लेकीला चिन्याचं औषध? जावई, मला मेलीच समजा की मग!"

सगळी पावडर म्या चुलीत उपडी केली. डबा तेवढा चांगला होता, घट्ट झाकणाचा. फडक्यानं पुसला अन् त्यात माझं चूर्ण गच्च भरून दिलं. "रोज सकाळी चिमूटभर, वर घोटभर पाणी. ध्यानात ठिव," म्हणलं. मायचा शब्द तिनं कधी मोडला न्हाई, अन् तेच नडलं.

तिकडं सहकारी कारखान्याच्या पट्ट्यात पाण्याला तोटा नव्हता. फडाच्या कडंनं कॅनॉल भरून वाहायचा. पण बाईमाणसानं पाणी पिऊन लघवीला जायचं कुठं? चहूकडं बाप्ये. उठलं की मोळ्या मागं पडतेत अन् मुकादम बोंबलतो. म्हणून फडातल्या बाया तोंड कोरडंच ठेवतेत. माझ्या पोरीला तर मायचाच हुकूम होता. कंबर लईच दुखली की टोळीतल्या सगळ्यांसारखी दुखायची गोळी खायची अन् कोयता धरायची.

माघात जावयाचा फोन आला. शिवकन्या फडातच पडली होती, तिला गाडीत घालून बीडला आणत होते. म्या बीडच्या दवाखान्यात पोचले तर तोंड सुजून डोळे बुजलेले, वळखू येईना. उशाशी तो लाल डबा.

डॉक्टरीण पोरसवदा होती. "हे चिनी औषध घेत होतात का?"

"चूर्ण माझं हाय," म्या म्हणलं. तवाबी ताठ्यातच. "डबा तेवढा चिन्याचा."

तिनं डबा फिरवून मागचं बारीक इंग्रजी वाचलं.

"काय लिवलंय बाई?"

"लिहिलंय, यासोबत दिवसाला तीन लिटर पाणी प्या. पाणी मिळत नसेल तर हे औषध घेऊ नका." मग ती खाटेकडं वळली. "ताई, तुम्ही किती पाणी पीत होता?"

"घोटभर," शिवकन्या म्हणली. "मायनं सांगितलं तसं."

खडे अडकलेले, पोटात पाणी न्हाई, वरून त्या दुखायच्या गोळ्या. दोन्ही मूत्रपिंडं गेली, असं डॉक्टरीण म्हणली. माझं एक काढून घ्या म्हणून म्या तिचे पाय धरले. तपासलं तर मला साखर निघाली. माझं चालंना.

तवा कळलं मला मायची अट कशापायी होती ते. सराटे म्हणजे निमित्त. पाणी पाजायचं होतं तिला माणसांना. नुसतं पाणी पी म्हणलं तर कोण ऐकतंय?

औंदा पाऊस धो धो झाला. इहीर काठोकाठ भरलीय, वाकलं तर हात बुडतो. शिवकन्या माझ्याकडंच असते. आठवड्यातनं दोनदा बीडला नेऊन मशीनवर तिचं रगत धुऊन आणायचं. अन् डॉक्टरनं तिचं पाणी तोडलंय. पिलेलं बाहीर पडत न्हाई, अंगातच साठतं, छातीवर चढतं. दिवसाला एकच बाटली, ती म्याच भरून देते. जिनं दुनियेला डोळ्यादेखत पाणी पाजलं ती म्या आता रांजणापाशी राखण बसते.

काल दुपारी पोर भिंत धरत धरत आली. ओठ फुटलेले. बाटली तिनं सकाळीच संपवलेली.

"माय, घोटभर दे की," म्हणली.

माझी जीभ हासडून टाकावी वाटली मला. रांजणावर हात ठेवून म्या न्हाई म्हणले.