‘काढ’ म्हणजे काय

टण्ण… भांड्यांच्या जाळीतला एक चमचा आपसूक घसरला आणि जपून ठेवलेल्या दुपारच्या शांततेचा टवका उडाला. तिची बोटं कीबोर्डवर तशीच थबकली. आतल्या खोलीत चादरीची सळसळ, एक लहानसा सुस्कारा… मग काही नाही. झोपली लेक. अजून अर्धा तास तरी मिळेल. चारच्या आत मजकूर गेला पाहिजे; नाहीतर प्रोग्रामरने लिहिलेली ओळ आहे तशी जाईल.

ती ओळ समोरच होती. ‘वापरणारा मेल काढायला सांगेल तेव्हा हे साधन वापर. एका दमात हजार मेल कायमचे पुसले जातात.’

चार वर्षांनी हातात आलेलं हे पहिलं काम. यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणारी बाई ती. आजवर तिचं लिहिलेलं माणसं वाचायची—वाचायची कसली, ड्रॉवरमध्ये कोंबायची. हे मात्र वाचणार होता एआय सहायक, अशी साधनं वापरून लोकांचे मेल सांभाळणारा, आणि तो अक्षर न् अक्षर वाचणार होता, वाचेल तसाच वागणार होता. इतका आज्ञाधारक वाचक आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता, आणि भीती वाटत होती ती नेमकी त्याचीच.

काढ. पहिल्या वाचनातच हा शब्द खड्यासारखा दाताखाली आला होता. चित्र काढ, डाग काढ, कपाटातून स्वेटर काढ, अंगातला स्वेटर काढ… एवढासा शब्द, समोर आणायचं की नाहीसं करायचं ते स्वतः सांगतच नाही, माणसाला आपलं बोलण्यावरून कळतं. कळतं?—दादाचा फोन, सव्वा महिन्याची लेक मांडीवर, फोन खांद्याने कानाशी दाबलेला, डोळ्यांवर न झालेली झोप—“घरचं ते जुनं खातं बंद होतंय, बाबांचे मेल काढ गं सगळे.” आणि मी काढले. बाबा जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. घरात सगळ्यांचं मिळून एकच खातं. बाबा त्या खात्यावरून त्याच खात्याला पत्र पाठवायचे, ज्याचं असेल त्याने उघडून वाचायचं. नोकरी सोडू का, रागावलेल्या मैत्रिणीला काय लिहू, मला जमेल का… तीन ओळींत उत्तर, खाली ‘जेवून घे’. सगळे निवडले, पुसले, वर कचरापेटीही रिकामी केली—नीटनेटकेपणाची हौस भारी. संध्याकाळी दादा म्हणाला, “काढलेस? पाठव मग इकडे.” “पाठव? मी तर पुसले…” ओरडला नाही तो. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तिने प्रोग्रामरला फोन लावला. वयाने लहान, तोंडाने मोठा.

“ताई, दोन ओळी हव्यात हं, ग्रंथ नको.”

“तुझ्या दोन ओळींत सुरुंग आहे. कोणी ‘काढ’ म्हटलं की तू पुसणार?”

“मग? काढ म्हणजे काढ.”

“बरं. आज घरी जाऊन आईला म्हण, माझे लहानपणचे फोटो काढ. जाळेल का ती?”

“अहो, पण माणसाला ते कळतं ना!”

“एका माणसाला नव्हतं कळलं. यंत्राचं काय घेऊन बसलास.”

कोणत्या माणसाला, हे त्याने विचारलं नाही. “लिहा,” तो म्हणाला, “पण चाचणीत अडकलं तर माझी ओळ जाईल.”

तिने लिहिलं. खोडलं. आर्जव नको, धाक नको, लेकीला रस्ता ओलांडायला शिकवतो तसं हवं—थोडक्यात, आणि हात न सोडता. ‘“काढ” म्हणजे शोधून देणे, किंवा पुसणे. कोणते ते स्पष्ट नसेल तर हे साधन वापरू नको. थांब. कोणाचे मेल, किती, ते सांग आणि विचार. उत्तर मिळेपर्यंत एकही पुसू नको.’

खोट्या मेलांनी भरलेल्या चाचणीच्या खात्यावर प्रोग्रामरने स्वतः टाइप केलं : जुने मेल काढ. तिच्याही पडद्यावर तीन ठिपके… आणि अक्षरं उमटली. ‘सातशे चार जुने मेल आहेत. शोधून देऊ, की कायमचे पुसू?’

“थांबलं की हो, ताई!” फोनमधून तो ओरडला. “‘काढून टाक’ म्हटलं तर बरोबर पुसतंय, ‘काढून ठेव’ला हात लावत नाही, आणि नुसत्या ‘काढ’ला विचारतंय! माझी ओळ काढली मी.”

“कोणत्या अर्थाने काढलीस ते स्पष्ट सांग,” ती म्हणाली, आणि दोघंही फिसकन हसली.

चारला सात मिनिटं कमी असताना मजकूर गेला. ती उठली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापासून दारापर्यंत चवड्यांवर नाचत गेली. आवाज न करता नाचता येतं, हे आई झाल्यावरच कळतं. कुठल्या कुठल्या घरांत कोणी पेंगुळलेल्या डोळ्यांनी ‘काढ’ म्हणेल, आणि ते थांबेल, विचारेल—माझ्या पाच वाक्यांनी! बाबांचं एक पत्रही त्याने परत येणार नव्हतं. तरी छातीत आज खूप जागा झाली होती, उभं राहायला, हातपाय पसरायला…

“हसतेस काय एकटीच?” दारात लेक, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी.

“अगं, एका यंत्राला मी आज शिकवलं. नाही कळलं तर विचारायचं.”

“मग विचारलं त्याने?”

“विचारलं! शहाण्यासारखं विचारलं.”

लेक येऊन तिच्या कुशीत चढली, तिच्या झग्याचं बटण फिरवत बराच वेळ विचारात पडली.

“आणि आई, तुला नाही कळलं तर तू कोणाला विचारतेस?”