मास्तरांचा ब्रेक

“दहा गाड्या गेल्या. सात चालकांनी बेल्ट लावला होता, तिघांनी नाही. आता यातली एक गाडी डोळे मिटून निवडली, तर तिच्या चालकाने बेल्ट लावलेला असण्याची शक्यता किती?”

मोटार ट्रेनिंग स्कूलच्या वर्गात नव्या शिकवणाऱ्याने हा प्रश्न विचारला आणि दारात उभ्या असलेल्या मास्तरांनी, कुणी विचारलेलं नसताना, उत्तर दिलं.

“निम्मी.”

“निम्मी कशी, मास्तर?”

“एक तर लावलाय, नाही तर नाही लावलाय. दोनातली एक गोष्ट. म्हणजे निम्मी. याला फळा कशाला लागतो?”

वर्ग हसला. त्याचं मास्तरांना काही वाटलं नाही. शिकाऊ माणसं आज हसतात आणि उद्या क्लच समजून ब्रेक दाबतात. पण पहिल्या बाकावरची एक बाई तोंडावर हात ठेवून हसली, ते मात्र लागलं. कारण ती मास्तरांची बायको होती. असं तोंडावर हात ठेवून ती पूर्वी मास्तरांच्या विनोदांना हसायची. हल्ली मास्तर घरी विनोद करत नसत, त्यामुळे तिच्याकडे बरंच हसू शिल्लक पडलं होतं.

“दहापैकी सात,” ती म्हणाली.

“शाब्बास, बाई.”

मास्तरांनी त्याच क्षणी त्या नव्या माणसाचं नाव ‘गणित्या’ ठेवलं.

खरं तर तिला मास्तरांनीच शिकवायला हवं होतं. अर्ध्या शहराला गाडी शिकवलेला माणूस. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो; शाळेत त्याला ‘मास्तरांचा ब्रेक’ म्हणत, आणि त्यावरून मास्तरांचा पाय आजवर कुणी उचललेला पाहिला नव्हता. लग्नानंतर लगेच बायकोने विचारलं होतं, “मला शिकवाल?” मास्तर म्हणाले होते, “मी आहे ना. कुठे जायचं तेवढं सांग.” ती सांगत राहिली. मास्तरांना वेळ काही झाला नाही.

महिन्यापूर्वी तिने आपणहून नाव घातलं, तर आडवा आला भिंतीवरचा नियम : घरच्या माणसाने घरच्या माणसाला शिकवू नये. हा नियम मास्तरांनीच मालकाकडून करवून घेतला होता. त्यांनी मेहुण्याला गाडी शिकवली होती, तेव्हाची गोष्ट. चौथ्या दिवशी मेहुणा भर रस्त्यात गाडी सोडून पायी घरी गेला आणि पुढे दोन लग्नांत एकमेकांच्या समोर जेवूनही दोघं बोलले नाहीत.

त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, “सर म्हणतात, बेल्ट सवयीने लावावा, भीतीने नाही.”

“कोण सर?”

“आमचे.”

मास्तरांचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं शिकवून आपण मास्तरच, आणि हा दोन महिन्यांत सर!

“दहापैकी सात म्हणे! त्याने मोजलेत?”

“मग तुम्ही मोजा ना.”

मास्तरांनी मोजले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मोठ्या चौकात बाकावर जाऊन बसले आणि संध्याकाळी छाती काढून घरी आले.

“वीसच्या वीस! एकूण एक माणसाने बेल्ट लावलेला. गेले तुमच्या सरांचे सात.”

“चौकात हवालदार होता?”

“होता. चांगला माणूस आहे. मला बसायला बाक त्यानेच दाखवला.”

“अहो, मग तुम्ही बेल्ट नाही, हवालदार मोजलात. आपल्या गल्लीच्या तोंडाशी बसा, म्हणजे कळेल.”

ती हे सहज म्हणाली आणि कणीक मळायला गेली. मास्तरांना मात्र तिच्या तोंडून गणित्या बोलताना ऐकू आला.

मग जे व्हायचं ते झालं. माणूस एकदा मत्सराच्या नादी लागला की त्याला गणिताचीच साथ लागते, आणि मास्तरांकडे गणित एकच होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ते मांडलं : त्या दोघांमध्ये एक तर काहीतरी आहे, नाही तर नाही. दोनातली एक गोष्ट. म्हणजे निम्मी! कुठल्याही पुराव्याशिवाय, एका फटक्यात, पन्नास टक्के! मास्तर ताडकन उठून बसले.

“काय झालं?” बायकोने झोपेतच विचारलं.

“काही नाही. डास.”

सकाळी त्यांनी मालकाला सांगितलं की शिकवण्याच्या गाडीच्या मागच्या चाकातून आवाज येतोय, मागे बसून ऐकायला पाहिजे. मालकाने मास्तरांकडे पाहिलं, मग वेळापत्रकात बायकोच्या नावाकडे पाहिलं आणि म्हणाला, “बसा की. आवाज सापडला तर सांगा, नाही सापडला तरी सांगा.”

मास्तर मागे बसले. दोन सीटांच्या मधल्या फटीतून ते पुढची दोन डोकी आणि त्यांच्यातलं अंतर बघत राहिले. अंतर बदलत नव्हतं. गणित्याने स्वतः बेल्ट लावला होता, हात मांडीवर होते. मास्तरांनी कधी बेल्ट लावला नव्हता. वेळ आली तर झेप घेऊन स्टिअरिंग धरता यायला हवं, अशी त्यांची पद्धत होती, आणि वेळ रोज यायची.

“सर, शेजारी बसणाऱ्यांचं काय?” बायकोने वळण घेता घेता विचारलं.

“धरा, दहातले पाच लावतात. चालकांमधले सात. तर दोघांनीही लावलेला असण्याची शक्यता?”

“सात गुणिले पाच. शंभरात पस्तीस.”

“बरोबर. पण दोघं एकमेकांकडे बघून लावत नसतील, तरच हं.”

“नवरा-बायको असतील तर?”

“तर गुणाकार चालत नाही, बाई. एकाने लावला की दुसराही लावतो. नाही तर एकाला बघून दुसराही सोडून देतो. तिथे एकाचं दुसऱ्यावर अवलंबून असतं.”

मागून मास्तर खाकरले. तेवढ्यात समोर एक टेम्पो आडवा घुसला. मास्तरांचा उजवा पाय मागच्या सीटवरूनच दाणकन जमिनीवर आपटला. गाडी मात्र बायकोने थांबवली होती. हळू, पाण्याचा तांब्या ठेवावा तशी.

“अहो, तुमचा पाय कुठे होता?” मास्तरांनी गणित्याला दरडावलं.

“इथे. खाली.”

“ब्रेकवर नव्हता?”

“गेला आठवडाभर नसतो. बाईंना लागत नाही.”

बायकोने गिअर टाकून गाडी पुढे काढली. तिचे खांदे मास्तरांना मागून दिसत होते. सैल, निवांत. घरी ती पाट उचलताना, दार लावताना, त्यांच्या ताटात वाढताना हे खांदे असे कधी दिसले नव्हते. मास्तरांच्या डोक्यातले पन्नास टक्के तिथल्या तिथे विरघळले आणि त्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. त्या माणसाने काय केलं होतं? काही नाही. पाय उचलला होता.

“आवाज सापडला का?” परतल्यावर मालकाने विचारलं.

“सापडला,” मास्तर म्हणाले. “जुना आहे. दुरुस्त होण्यातला नाही.”

बायको परीक्षेत पहिल्या फेरीला पास झाली. लायसन्स हातात आलं त्या दिवशी ती भावाची गाडी मागून घेऊन आली. त्याच मेहुण्याची. मास्तर शेजारी बसले. गाडी सुरू होईना.

“काय झालं? किल्ली फिरव.”

“बेल्ट लावा.”

“अगं, मला कशाला? कधी स्टिअरिंग धरावं लागलं तर...”

“धरावं लागणार नाही.”

तिने आपला लावला आणि वाट बघत बसली. मास्तरांनी बेल्ट ओढला. खाच सापडेना. इतकी वर्षं दुसऱ्यांना दाखवलेली खाच. तिने बोट ठेवून दाखवली. खट् आवाज झाला.

बाजाराच्या रस्त्याला एक सायकलवाला मध्ये आला. मास्तरांचा पाय आपोआप खाली गेला आणि जोरात दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. नुसतं रबराचं पायपुसणं होतं. गाडी तरीही थांबली. सायकलवाला गेला.

तिने त्यांच्या पायाकडे पाहिलं. मग समोर पाहिलं.

“कुठे जायचं?” तिने विचारलं.

हा प्रश्न मास्तरांना कधी कुणी विचारला नव्हता.

“तू म्हणशील तिथे,” ते म्हणाले, आणि प्रवाशाने घ्यावेत तसे त्यांनी दोन्ही पाय हळूच मागे, सीटखाली ओढून घेतले.