सात अंगठे

दोन वाजून वीस मिनिटांनी डायलिसिस विभागातल्या नर्सचा फोन आला. "ताई, तुमचे शिंपीकाका अजून आले नाहीत. मी खुर्ची तीनपर्यंत धरते. पुढं माझ्या हातात नाही."

मंगळवारी मशीन बिघडलं, म्हणून काकांची एक पाळी आधीच हुकली होती. मूत्रपिंडं कामातून गेलेल्या त्या म्हाताऱ्याच्या अंगात सहा दिवसांचं पाणी साठलं होतं. आजची पाळी हुकून चालणारच नव्हती.

ताई चालवत त्या संस्थेचं काम साधं. ज्यांना दवाखान्यात न्यायला घरचं कुणी नाही, त्यांना आपल्या गाडीतून नेऊन आणायचं. पूर्वी सगळा कारभार संस्थेतल्या जुन्या अण्णांच्या वहीत असे. अण्णा सकाळी फोनला चिकटत ते दुपारी सुटत. एकेका गाडीवाल्या सभासदाला "नेतोस का?" विचारत आणि "नेतो" ऐकल्याशिवाय फोन ठेवत नसत. ताईंनी त्या वहीला रजा दिली आणि ऑनलाइन फलक आणला. पेशंट, पत्ता, वेळ, सगळं सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी. खोटं कशाला बोला, फायदा झाला. बाराचे चाळीस पेशंट झाले आणि अण्णांच्या घशाला आराम पडला.

फलकावर लिहायचे कष्टही नव्हते. निरोपाखाली अंगठा उमटवला की झालं. "शिकलेसवरलेले सगळे पुन्हा अंगठाबहाद्दर केलेत तुम्ही," अण्णा म्हणाले होते. ताई तेव्हा हसल्या होत्या.

काकांच्या निरोपाखाली आज सात अंगठे होते. ते बघून ताई सकाळपासून निर्धास्त होत्या.

त्यांनी एकेकाला फोन लावला. पहिला अंगठा बँकेतल्या मॅडमचा. "मी वाचलं म्हणून दिला हो. मी तर ऑफिसात आहे." दुसरा रिटायर झालेल्या बसड्रायव्हरचा. "आधीच एक अंगठा होता, म्हटलं मॅडम नेतायत." मास्तरांनी चांगली सोय झाली म्हणून दिला होता. आणखी दोघांची तीच रड. सहावा ताईंच्या सख्ख्या भावाचा. "अगं, तू टाकलेल्या प्रत्येक गोष्टीला मी देतोच की."

नुसता बारभाईंचा कारभार. ताईंच्या लेखी अंगठा म्हणजे "नेतो", बाकीच्यांच्या लेखी "पाहिलं", आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं. ताईंनीसुद्धा नाही.

उरला सातवा. त्याला ना फोटो ना नाव, नुसता नंबर, आणि तो फोन कुणी उचलत नव्हतं. गाडी चालवत असेल, ताईंनी स्वतःला समजावलं. काकांना घेऊन वाटेत असेल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा त्या नंबराचा आधार धरून त्या टॅक्सीनं काकांच्या घराकडे निघाल्या. आपल्या भाषेत अंगठा दाखवणं म्हणजे काय हे शाळकरी पोरालाही कळतं. आपल्याला कसं सुचलं नाही, हे त्यांना राहून राहून वाटत होतं.

काका इमारतीच्या खालच्या पायरीवर बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत दोन्ही हात. इस्त्रीचा सदरा, पायाला मात्र चपला मावत नव्हत्या इतकी सूज. श्वास घेताना खांदे वर उचलले जात होते. पिशवीत त्यांचा फोन थरथरत होता, बधिर बोटांना ते कळत नव्हतं. ताईंनी अजून त्या सातव्या नंबराचा फोन कानाला लावलेलाच होता.

"आलात, ताई," काका धापा टाकत म्हणाले. "तुम्ही दाखवलं तसा मी सकाळीच अंगठा दिला. म्हटलं, आपण तयार आहोत हे गाडीवाल्याला कळावं. एक वाजल्यापासून बसलोय. तुम्ही विसराल, असं मनातसुद्धा आलं नाही."

ताईंना रडू फुटलं. टॅक्सीवाल्याच्या मदतीनं त्यांनी काकांना आत बसवलं.

पोचायला सव्वातीन झाले. खुर्चीवर दुसरी बाई झोपली होती, तिच्या दंडात सुया होत्या. नर्सनं काकांच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि त्यांना थेट इमर्जन्सीत ढकललं. तिथला डॉक्टर तरुण होता, तुटक बोलला. "ठोके बिघडलेत. इथंच मशीन लावतो. पण फार उशीर केलात, मी शब्द देत नाही. फॉर्म भरा."

सही करायला काकांनी पेन धरलं. चाळीस वर्षं सुईत दोरा ओवलेला तो हात कागदावर टेकेना.

"राहू द्या. अंगठा चालेल," नर्स म्हणाली आणि शाईचा पॅड घेऊन आली.

ताईंनी काकांचा अंगठा आपल्या हातात धरला. तो थंड होता आणि दाबला तिथे खळगा पडून तसाच राहत होता. त्यांनी तो शाईवर टेकवला, मग कागदावर. खाली एक रकाना होता, "सोबतची जबाबदार व्यक्ती". तसा रकाना त्यांच्या फलकावर नव्हता. ताईंनी तिथं आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"आता नेतील ना, ताई?" काकांनी विचारलं.

"नेतात," ताई म्हणाल्या, आणि स्ट्रेचर दाराआड गेलं तरी शाईनं माखलेला हात तसाच पुढं धरून उभ्या राहिल्या.