स्टेअरिंगवर कोण होतं

श्रीकृष्ण एक दिवस आपल्या दारात येऊन हात जोडील, हे सकूने मनातल्या मनात इतक्यांदा बघितलं होतं, की तो खरोखरच आला तेव्हा तिला आधी हसूच फुटलं. कारण त्याने हात जोडायला घेतले आणि ते जुळेचनात. उजवं मनगट लाकडासारखं ताठ. डावा हात नुसता येऊन टेकला, तर तेवढ्यानेही गडी कळवळला. ‘बरं झालं मेल्याला,’ सकू मनाशी म्हणाली, आणि असं म्हटल्याची तिला जराही लाज वाटली नाही.

का वाटावी? मोखाड्याच्या त्या डोंगरउतारावरच्या घरात वर्षानुवर्षं ती रोज सकाळी नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती. जगन फौजेतून परत आला तो उजवा हात गळ्यात बांधूनच. मनगटाचा चुरा झालेला, मूठ वळेना. विळा धरवत नव्हता की कुऱ्हाड. रसदीची गाडी घाटात कलंडली होती, आणि ती चालवत होता हा श्रीकृष्ण, जव्हारच्या एका दुकानदाराचा मुलगा. डुलकी लागली साहेबांना! गाडीत दोघंच. जगन तिकडे हॉस्पिटलात बेशुद्ध पडलेला, आणि इकडे या पठ्ठ्याने चौकशीत छातीला हात लावून सांगितलं की स्टेअरिंग जगनने हट्टाने घेतलं, त्याच्याकडे लायसनसुद्धा नाही, मी नको नको म्हणत होतो. झालं! जगनच्या नावावर शेरा पडला, दुखापत स्वतःच्या चुकीने. त्याला घरी धाडलं आणि अपंगत्वाची पेन्शन नाकारली. पहिलं अपील गेलं, दुसरं गेलं. आता शेवटची आशा मुंबईच्या ट्रिब्युनलची होती. वकीलबाई स्पष्टच म्हणाल्या होत्या, “गाडी जगन चालवत नव्हता, एवढं सांगणारा माणूस आणा. नाहीतर हीसुद्धा गेली म्हणून समजा.”

सांगणारा माणूस जगात एकच होता, आणि तो आता त्यांच्या ओट्यावर बसून घाम पुसत होता.

“माझंही मनगट गेलं रे जगन,” तो रडवेल्या आवाजात म्हणाला. “नेहमीची पेन्शन मिळते, पण अपंगत्वाची नामंजूर केली. मी अपील केलंय. तो अपघात तू डोळ्यांनी पाहिलास. तुझ्याशिवाय कोण आहे मला?”

“फौजेत नोंद आसंल की तुमच्या हाताची,” सकूने मध्येच विचारलं.

श्रीकृष्ण चुळबुळला. “नाही ना वहिनी. तेव्हा मी सांगितलं, पाय घसरून पडलो, मुरगळलंय. म्हटलं, जाईल बरं होऊन.”

जगनच्या अपिलाचं त्याने विचारलंसुद्धा नाही. दोनदा हरलाय म्हणजे गप बसला असेल, अशीच त्याची समजूत. सकूला वाटलं, चुलीवरची पळी घ्यावी आणि घालावी याच्या टाळक्यात. पण जगनने तिच्याकडे असं काकुळतीने पाहिलं, की ती पाय आपटत आत गेली. जगनचा जीव मऊ. इतका मऊ, की कधीकधी सकूला त्याचाच राग यायचा.

तिने ताटं वाढली. नाचणीची भाकर आणि सुकटाची चटणी. जगनच्या ताटात नेहमीसारखे भाकरीचे तुकडे करून ठेवले. श्रीकृष्णाच्या ताटात आख्खी भाकर ठेवली, सकाळची, जाड, काठाला कडक झालेली. आणि समोर बसून राहिली, मोड म्हणावं.

त्याने डाव्या हाताने भाकर दाबली, उजव्याने ओढायला गेला. बोटं भाकरीवरून नुसती घसरली. भाकर ताटात गरगर फिरली, चटणी बाहेर सांडली. जगनने डावा हात पुढे केला, तशी सकूने अशी नजर टाकली की त्याने तो मुकाट्याने मागे घेतला. इतक्या वर्षांत तिला कुठलंच जेवण एवढं गोड लागलं नव्हतं, आणि ती तर जेवतही नव्हती.

श्रीकृष्णाला वाटलं असावं, आपण आणखी केविलवाणं व्हावं म्हणजे ही बाई द्रवेल. “काय सांगू वहिनी,” तो म्हणाला, “गाडी कलंडली तेव्हा स्टेअरिंग गर्रकन उलटं फिरलं. माझा हात त्याच्या दांड्यात अडकला, आणि कटकन आवाज आला बघा. तेव्हापासून हे दुखणं.”

सकूने जगनकडे पाहिलं. जगनचा घास तोंडापाशी थांबला होता.

“आगं आई!” ती एकदम कळवळून म्हणाली. “मंग स्टेअरिंग तुम्ही दोन्ही हातांनी धरलेलं आसंल?”

“तर! घट्ट धरलं होतं.”

“आन् हे?”

“हा शेजारी बसलेला. विचारा ना त्याला.”

सकूने पुढे वाकून त्याची भाकर उचलली, तिचे बारीक बारीक तुकडे केले आणि ताटात ठेवले. “जेवा भाऊ,” ती म्हणाली. “येतील हे साक्षीला. पण जसं बोललात तसंच लिव्हायचं, एक शब्द कमी नाय करायचा. तुमचं बी लिव्हा, ह्यांचं बी लिव्हा, आन् एक नक्कल आमच्यापाशी ऱ्हाऊ द्या.”

“दोन घ्या वहिनी!” तो म्हणाला, आणि अधाशासारखा जेवला. जुन्या चौकशीचे कागद आता कोण उघडून बघतंय, असंच त्याला वाटत असावं.

तो गेल्यावर जगनने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, “सकू, त्याचा हात खरंच गेलाय गं.”

“मी कुठं खोटा म्हन्ते? खरं हाय तेच लिव्हायचं. आपल्या वेळंला त्याला येवढं बी जमलं नव्हतं.”

सोमवारी तिघं जव्हारला तहसील कचेरीसमोरच्या नोटरीकडे बसले. टायपिंगवाल्याने दोन्ही जबाब लिहिले. सकूच्या सांगण्यावरून नोटरीने ते मोठ्याने वाचले. ‘अपघातसमयी वाहन मी स्वतः चालवत होतो.’ श्रीकृष्णाने मान डोलावली आणि कशीबशी सही केली. जगनने डाव्या हाताने केली. शिक्के बसले. श्रीकृष्णाने चहा मागवला, खुशीत होता.

“आमची बी केस हाय ट्रिब्युनलला,” सकू बशीत चहा ओतत म्हणाली. “पुढल्या तारखेला तुमचा ह्यो कागद लावनार तिथं. गाडी कोन चालवत होतं, ते त्यांना कळलं पायजे ना.”

आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. त्याने झडप घालून सकूच्या पुढ्यातली नक्कल उचलली आणि फाडायला घेतली.

कागद फाटेना. डाव्या हाताने धरलेला, उजव्याची बोटं, भाकरीवरून घसरली होती तशीच, त्याच्यावरून घसरत होती. “अहो, हे काय चाललंय!” नोटरी ओरडला. जगन उठायला लागला, तसा सकूने त्याचा हात दाबला. तिने कागद ओढून घेतला नाही. त्याला धडपडू दिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी बघत राहिली. जीव थंड होईस्तोवर बघितलं, आणि मगच तो कागद त्याच्या बोटांतून अलगद काढून घेतला.

“मी माझं अपील मागे घेतो,” तो पुटपुटला.

“घ्या की. तुमची सही तर आमच्यापाशी हाय.”

“वहिनी, मी खोटा पडलो तर माझं काय होईल? हा हात असा. कसं करू मी?”

सकूने कागद पिशवीत घातला. जगनच्या सदऱ्याचं वरचं बटण सुटलं होतं, ते नीट लावलं. मग श्रीकृष्णाकडे वळून म्हणाली, “बायकोला सांगा, रोज बटनं लावून दे, भाकर मोडून दे. व्हते सवय. मला झाली.”