गोऱ्ह्याच्या चालीने

मी अंबाडीचा एक जुना दोर आहे. आंधळगावच्या एका गोठ्यातली खुंटी हे माझं घर. मित्रांनो, माझे मालक तुलाराम यांचा शेवटचा दिवस अगदी साधा होता. त्यांनी बैलांना वैरण टाकली, विळ्याला धार लावली आणि ते शहापूरहून माहेरी आलेल्या लेकीशी, शकुंतलेशी, धानावरच्या रोगाबद्दल बोलत बसले. शकुंतलेला त्यांना वेगळंच काही सांगायचं होतं. लहानपणी माझ्या सोबतीने बापलेकीने ज्या संध्याकाळी घालवल्या, त्या तिला काय होत्या, हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. ती सुरुवात करणार, तोच आई कौशल्याबाईंनी जेवायला हाक मारली. बोलणं सकाळवर गेलं. सकाळी तुलाराम शेतावर गेले, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जरा टेकले आणि पुन्हा उठलेच नाहीत.

त्या संध्याकाळी मला ठाऊक आहेत, कारण मी तेव्हा तिच्या हातात होतो.

माझा जन्म बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, पाण्यातला. तिथे अंबाडी भिजत घातली, सोलली, वाळवली. तुलारामांनी लाकडी ढेरा फिरवून सूत काढलं आणि मला घट्ट पीळ दिला. दोन वर्षं मी डवऱ्या नावाच्या बैलाचा कासरा होतो. चौऱ्याहत्तर सालच्या पोळ्याला डवऱ्याला रीतीप्रमाणे नवा कासरा मिळाला आणि मी रिकामा झालो.

तेव्हा शकुंतला सातवीत होती, शाळेच्या खो-खोत खेळायची. पहिल्या डावात सशासारखी पळायची, पण दुसऱ्या डावात तिला धाप लागायची. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते; त्या दिवशी शेजारच्या गावाशी सामना होता. तोवर दम वाढला नाही, तर तिला बाहेर बसावं लागणार होतं. ती कोपऱ्यात जाऊन रडली. तुलारामांनी मला खुंटीवरून काढलं, माझी टोकं तिच्या हाती दिली आणि दम वाढवायला दोरीच्या उड्या मारायला सांगितलं.

"बैलाचा कासरा पोरीले?" कौशल्याबाई म्हणाल्या. "उद्या नांगराले जुपान का तिले?"

"तुले जुपलं होतं का मी?"

"अजून सोडलं कुठी?" त्या म्हणाल्या. शकुंतला रडता रडता हसली.

पण पहिल्याच संध्याकाळी चूक झाली. धरलेलं तास, म्हणजे नांगराची ओळ, धुऱ्यापर्यंत नेल्याशिवाय नांगर थांबवायचा नाही, हा तुलारामांचा नेम. तोच त्यांनी लेकीला लावला. "थांबू नको, मार उडी!" ती उड्या मारत राहिली आणि शेवटी ओकून खाली बसली. दुसऱ्या दिवशी तिला पाय उचलवेना.

कौशल्याबाई भडकल्या. "नव्या गोऱ्ह्याले पयल्या दिवशी असे पिटाळता का तुमी? दोन तास मारता अन् सोडता. पोरगी काय गोऱ्ह्याहून मजबूत आहे?"

तुलाराम डोकं खाजवत राहिले. "हे तं ध्यानातच नाही आलं वो."

मग त्यांनी चाल बदलली. थोड्या उड्या, मग विसावा, पुन्हा थोड्या. आठवड्याने थोडं वाढवायचं. आणि एक नवा नियम: उड्या मारता मारता तिने बोलत राहायचं. बोलताना शब्द तुटला, की दोर खाली.

"काय बोलू?"

"काहीही बोल. शाळेत कोण कोणाशी भांडलं, ते सांग."

त्या काळी आमच्याकडे बाप लेकीशी फार बोलत नसे. पाणी दे, बैल बांध, एवढंच. पण नियमच तसा असल्यामुळे ती बोलू लागली आणि ते वाळल्या तणसावर, धानाच्या पेंढ्याच्या ढिगावर, बसून ऐकू लागले. मास्तरांची नक्कल, मैत्रिणीचं लग्न ठरल्याची भीती, पुढे शिकायची इच्छा. माझ्या फेऱ्यागणिक एकेक वाक्य बाहेर पडे. दिवाळीपर्यंत वाक्यं लांबली, दमही लांबला.

मंडईच्या सामन्यात दुसऱ्या डावात ती शेवटपर्यंत पळत राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "कोण्या गावचं पाणी प्यायली रे ही?" कोणी म्हणालं. मीही मनातल्या मनात फुललो.

नवल पुढेच आहे. मंडई झाली, सामने संपले, तरी ती दर संध्याकाळी मला घेऊन अंगणात यायची. तुलारामही हातातलं काम टाकून तणसावर बसायचे. तिचं लग्न होईपर्यंत हे चाललं. पुढे मी खुंटीवरच राहिलो. एकदा धानाचा भारा बांधला, एवढंच काम. उंदरांनी एक टोक कुरतडलं, पीळ सैल पडला.

तेरवी झाल्यावर पाहुणे पांगले. शकुंतलेने मला खुंटीवरून उतरवलं, धूळ झटकली आणि अंगणात उभी राहिली. तिने उड्या मारल्या, सावकाश, गोऱ्ह्याच्या चालीने. ओसरीवरून कौशल्याबाई बघत होत्या. त्यांनी तिला थांबवलं नाही.

मित्रांनो, दोराला ऊन दाखवा, उंदरांपासून जपा. आम्ही बरीच वर्षं टिकतो. माणसांचं तसं नसतं. त्यांच्याशी जे बोलायचं, ते जेवणाआधीच बोलून घ्या.

शकुंतला थांबली. तिला धाप लागली नव्हती, तरी शब्द तुटत होते. तणसाकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, मंडई झाल्यावर मी दम वाढवाले नव्हती येत. तुमी मले बोलू देत होते, म्हणून येत होती."